पहाटे चारचा पहारा

स्वीडनमधल्या एका गॅस कारखान्यात १९१२ ते १९३१ अशी जवळजवळ वीस वर्षं कामगार तीन पाळ्यांत मीटरचे आकडे वहीत उतरवत होते. काम सोपं होतं. आकडा बघायचा, लिहायचा, थोडा हिशेब करायचा. पुढे ब्येर्नर, होल्म आणि स्वेन्सन या तीन संशोधकांनी त्या जुन्या वह्या उघडल्या आणि दिवसाच्या कुठल्या तासाला किती चुका झाल्या ते मोजलं. त्यांचा अभ्यास १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणी तरी आपल्या चुका मोजणार आहे याची लिहिणाऱ्यांना कल्पनाही नव्हती, म्हणून त्या नोंदी फार मोलाच्या. दुपारच्या जेवणानंतर चुका थोड्या वाढलेल्या दिसल्या. सगळ्यांत जास्त चुका मात्र पहाटे तीनच्या सुमाराला झाल्या होत्या. इतक्या वर्षांत कितीतरी वेगवेगळ्या हातांनी त्या वह्या लिहिल्या, तरी सगळ्या नोंदी एकत्र केल्यावर तो तास वेगळा उठून दिसतो.

आपल्या सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनकडे असते ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही, आणि पहाटे तीनला कोणी येत-जात नाही. त्याची चूक आकड्यात सापडत नाही, मिटलेल्या डोळ्यांत सापडते. पहाटेचं विमान गाठायला निघालेला एखादा सभासद खुर्चीत मान टाकलेल्या वॉचमनचा फोटो काढतो. सकाळी तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो आणि त्याखाली ‘आपण यांना पगार कशाचा देतो?’ असा सवाल. दुपारपर्यंत एजन्सीचा सुपरवायझर येतो, माफी मागतो, माणूस बदलून देतो. थोड्याच दिवसांत नवा माणूस त्याच खुर्चीत, त्याच वेळेला पेंगताना दिसतो.

मला त्या वेळेबद्दल लिहायचं आहे. गेल्या शंभर वर्षांत झोपेवर जे संशोधन झालं, त्यावरून माझं मत ठाम झालं आहे की बारा तासांची रात्र एकट्याने, बसून, मंद उजेडात आणि काहीही न घडणाऱ्या जागी काढायला लावली, तर माणूस झोपतोच. ती झोप नेमलेल्या वेळी यावी की चोरून, एवढंच काय ते आपल्या हातात उरतं. आज आपण चोरीचा मार्ग निवडलेला आहे, आणि त्याची शिक्षा तेवढी वॉचमनला देतो.

झोप दोन गोष्टींच्या मेळातून येते, हा आराखडा झुरिचचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडला. तो आजही टिकून आहे. पहिली गोष्ट म्हणजे जागेपणी साठत जाणारा दाब. मेंदूच्या पेशी काम करत राहतात तशी त्यांच्या भोवती अ‍ॅडेनोसिन नावाच्या रसायनाची पातळी वाढत जाते आणि मेंदू हळूहळू झोपेकडे कलतो. झोप झाली की ही पातळी उतरते. गेटवरच्या माणसाला रात्री एकदोनदा मिळणारा कटिंग चहा नेमकं काय करतो? अ‍ॅडेनोसिन पेशीवर ज्या जागी जाऊन बसतं, त्या जागा त्यातलं कॅफिन अडवून धरतं. साठलेला दाब तसाच राहतो, त्याची जाणीव तेवढी काही तास झाकली जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. दोन डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एकमेकींना जिथे ओलांडतात, त्याच्या किंचित वर सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. सगळ्या शरीराची वेळ तो ठरवतो. सजीवांत असं आतलं घड्याळ असतं याचा पहिला सुगावा १७२९ मध्ये फ्रान्सच्या दे मेराँ यांना लाजाळूसारख्या एका झाडाने दिला. अंधारात ठेवल्यावरही त्याची पानं रोजच्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमूर बेंझर यांनी फळमाशीत या घड्याळाचा जनुक कुठे आहे ते शोधलं. तो जनुक नेमका कसा चालतो हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. आपल्या देशातही हे काम मोठ्या हिकमतीने झालं आहे. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी आधी गुहांतल्या वटवाघळांच्या वेळा टिपल्या. पुढे माणसांना घड्याळ, ऊन आणि बाहेरच्या आवाजांपासून तोडून ठेवता येईल अशी खास खोली उभारली आणि त्यांच्या झोपेचं-जागेपणाचं चक्र मोजलं. बाहेरची कुठलीही खूण नसताना हे चक्र बंद पडत नाही. ते आपल्या गतीने, साधारण चोवीस तासांच्या आसपास, चालूच राहतं.

दिवसभर हे घड्याळ साठत्या दाबाला तोंड देऊन आपल्याला उभं ठेवतं. म्हणूनच संध्याकाळी सात-आठला, चौदा तास जागे असूनही, आपण ताजेतवाने असू शकतो. मध्यरात्र उलटली की ते आपला हात काढून घेतं. मेलाटोनिन चढलेलं असतं. शरीराचं आतलं तापमान उतरत पहाटे चार-पाचच्या सुमाराला चोवीस तासांतल्या सर्वांत खालच्या पातळीला पोचतं. संध्याकाळी सातपासून पहाऱ्यावर असलेल्या माणसात तोवर दाबही भरपूर साठलेला असतो. दोन्ही बाजू एकाच वेळी झोपेकडे ओढतात, तो हा साखरझोपेचा तास.

तापमानाची आणखी एक गंमत आहे. आतलं तापमान उतरायचं तर उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि शरीर ती मुख्यतः हातापायांच्या कातडीतून टाकतं. पावलं उबदार झाली की झोप लवकर लागते, हे बाझेलच्या कुर्ट क्रॉइखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिलं. आता डिसेंबरातल्या पुण्याचा किंवा नाशिकचा पहारेकरी डोळ्यांसमोर आणा. कानटोपी, मफलर, दोन सॉक्स, पायांवर घोंगडी, जवळ शेकोटी. थंडीपासून जीव वाचवायला तो जे जे करतो, त्यातलं बरंचसं झोपेला मदत करतं. त्याने दुसरं काय करावं, याचं उत्तर माझ्याकडेही सोपं नाही.

घड्याळाला वेळ कळते ती प्रामुख्याने उजेडातून. डोळ्यांच्या पडद्यावर पाहण्यासाठीच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी आहेत. त्या चित्र पाहत नाहीत, उजेड किती आहे एवढंच घड्याळाला थेट कळवतात. डेव्हिड बर्सन यांनी २००२ मध्ये या पेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात हे सिद्ध केलं. निळसर, भरपूर उजेड त्यांना चांगला कळतो. केबिनमधल्या एकुलत्या दिव्याखाली रजिस्टर वाचता येतं, पण घड्याळाला दिवस वाटावा एवढा तो उजेड नसतो. चार्ल्स झायस्लर यांच्या गटाने १९९० मध्ये रात्रपाळीच्या वेळी ७,००० ते १२,००० लक्स इतका प्रखर उजेड आणि दिवसा झोपायला गडद अंधार देऊन पाहिला, तेव्हा काही दिवसांत माणसांची घड्याळं खरोखर सरकली. नेहमीच्या ऑफिसात तीनशे ते पाचशे लक्स असतात, सोसायटीच्या गेटवर त्याहून पुष्कळ कमी.

इथवर झोपेबद्दल झालं. पहाऱ्याच्या कामाचीही एक अडचण आहे, आणि झोप पुरेशी झालेली असली तरी ती चुकत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाची विमानं समुद्रावर पाणबुड्या शोधत फिरत. रडारच्या पडद्यासमोर बसलेल्यांच्या नजरेतून काही वेळाने पाणबुडीची खूण निसटू लागते, असं लक्षात आलं. केंब्रिजमधल्या नॉर्मन मॅकवर्थ यांच्याकडे हा प्रश्न गेला. त्यांनी एक यंत्र बनवलं. कोऱ्या पांढऱ्या तबकडीवर एक काळा काटा, दर सेकंदाला एक टप्पा पुढे सरकणारा. शंभर टप्प्यांत फेरी पूर्ण. मधूनच, क्वचित, काटा एकदम दोन टप्पे उडी घेई. समोर बसलेल्याने ती उडी दिसली की बटण दाबायचं, एवढंच. असे दोन तास.

पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटण्याचं प्रमाण ठळकपणे वाढलं. ही तरुण, धडधाकट, निवडून घेतलेली मुलं होती, शिवाय जागी होती. काहीही न घडणाऱ्या गोष्टीकडे डोळे लावून बसणं हे मेंदूला अतिशय जड जातं, हे मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये आकड्यांनिशी मांडलं. त्यांच्या निष्कर्षांतले दोन आजही उपयोगी आहेत. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी आलटून पालटून पाळी लावली, तर लक्ष टिकून राहिलं. आणि मध्येच फोन करून चार शब्द बोललं, तर ढेपाळलेलं लक्ष काही काळ पुन्हा वर आलं.

आपल्या सोसायट्यांनी आता गेटच्या केबिनमध्ये सीसीटीव्हीचा पडदा बसवला आहे. एका पडद्यावर आठ चौकोन, कधी सोळा. पार्किंग, लिफ्टची लॉबी, पाण्याच्या टाकीजवळचा जिना, सगळं निश्चल. मॅकवर्थचा काटा निदान प्रत्येक सेकंदाला एक टप्पा तरी सरके! हा पडदा रात्रभर एकटक बघत बसायला सांगणं म्हणजे त्या प्रयोगाची सर्वांत कठीण आवृत्ती, तीही दोन तासांऐवजी बारा तास. गावाकडे रानडुकरांपासून पीक राखायला जागलीला जाणारा शेतकरी माचणावर डबा बडवतो, आरोळी देतो, पलीकडच्या रानातल्या माणसाशी ओरडून बोलत राहतो. त्या आवाजाने डुकरं पळतात आणि राखणाराही जागा राहतो. शहरातल्या गेटवर गप्पा मारणं हा गुन्हा आहे, मोबाइल बघणं त्याहून मोठा गुन्हा.

मग डोळे उघडे असले म्हणजे माणूस जागा आहे असं समजायचं का? २०११ मध्ये व्लादिस्लाव व्याझोव्हस्की, जुलिओ तोनोनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांना झोपेच्या वेळेपलीकडे जागं ठेवून त्यांच्या मेंदूतल्या पेशींचे समूह तपासले. उंदीर जागे होते, डोळे उघडे होते, हालचाल चालू होती. तरी मेंदूच्या कवचातले काही समूह मधेमधे क्षणभर बंद पडत होते, अगदी गाढ झोपेत पडतात तसे. शहर चालू असताना एकेका वस्तीत भारनियमन व्हावं, तसं हे. नेमके त्या क्षणी साखरेच्या गोळीकडे पंजा नेणाऱ्या उंदराचा नेम चुकत होता. माणसांत याच्या पुढची पायरी सर्रास दिसते. काही सेकंदांची झोप, तिला मायक्रोस्लीप म्हणतात. कधी पापण्या मिटतात, कधी अर्धवट उघड्याच राहतात. समोरून गाडीने हॉर्न दिला की माणूस दचकून उठतो आणि मनापासून सांगतो, ‘साहेब, झोपलो नव्हतो.’ तो खोटं बोलत नसतो. इतक्या छोट्या झोपेची आठवण मेंदू ठेवत नाही.

झोप कमी पडत असल्याची जाणीवही भरवशाची नसते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हान डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी लोकांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं (२००३). दोन आठवड्यांअखेर त्यांचं लक्ष एखादी अख्खी रात्र, काही चाचण्यांत दोन रात्री, न झोपलेल्या माणसाइतकं ढासळलं होतं. त्यांना विचारलं तर ते सांगत, थोडी झोप येते, पण आता जमतंय. सुपरवायझर रात्री दोनला फोन करून विचारतो, ‘जागा आहेस ना?’ पलीकडून ‘हो’ येतं. त्या ‘हो’वर विसंबून काही ठरवता येत नाही.

यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, ‘सवय होते हो. वर्षानुवर्षं नाइट करणारे आहेतच की.’ ब्रिटनचे सायमन फोल्कर्ड यांनी कायम रात्रपाळी करणाऱ्यांच्या मेलाटोनिनवरचे अभ्यास २००८ मध्ये एकत्र तपासले. घड्याळ पूर्णपणे रात्रीशी जुळलेले लोक निघाले तीन टक्क्यांहूनही कमी. कारण उघड आहे. पाळी संपवून माणूस सकाळच्या उन्हात घरी जातो आणि ते ऊन घड्याळाला पुन्हा दिवसाकडे खेचतं. सुट्टीच्या दिवशी बायकामुलांसाठी तो दिवसा जागतो. घड्याळ अधांतरीच राहतं.

त्यामुळे दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा काही तासांनी तोकडी राहते. ही मोजमापं बहुतेक स्वीडन-अमेरिकेतल्या घरांतली आहेत, जिथे जाड पडदे असतात. आपल्याकडे मराठवाड्यातून, कोकणातून, बिहार-उत्तर प्रदेशातून, नेपाळातून आलेले पहारेकरी एका खोलीत पाच-सहा जण राहतात. रात्रवाला आला की दिवसवाला उठून जातो, गादी तीच. वर पत्रा. सकाळी पाण्याची वेळ, शेजारच्या कुकरच्या शिट्या, अकरा वाजता पत्रा तापायला लागतो. मे महिन्यात तिथे चार तास डोळा लागला तरी पुष्कळ. रात्री सातला तो पुन्हा गेटवर हजर होतो, तेव्हाच त्याचा दाब अर्धा चढलेला असतो.

त्यावर डबल ड्युटी. सकाळचा माणूस आला नाही की सुपरवायझर सांगतो, ‘आजचा दिवस तूच ओढ.’ नाही म्हणायची सोय नसते, आणि पैसे हवेच असतात. खाडा झाला तर पगार कापला जातो, डबल मारली तर वाढतो. १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ऑस्ट्रेलियात एकाच गटाला एकदा जागं ठेवलं आणि एकदा दारू पाजली, दोन्ही वेळा एकच चाचणी घेतली. सलग सतरा तास जागल्यावर हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा झाला, चोवीस तासांनंतर साधारण ०.१० टक्के. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. डबल संपवून मोटारसायकलवर घरी निघालेला वॉचमन त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे असतो, आणि त्याची तपासणी करणारं कुठलंही यंत्र नाकाबंदीवर नसतं.

डबल ड्युटीचा सर्वांत प्रसिद्ध आरोपी अमेरिकेतला. यादवी युद्धात १८६१ च्या ऑगस्टअखेर वॉशिंग्टनजवळच्या एका पुलाच्या पहाऱ्यावर विल्यम स्कॉट हा व्हर्मांटचा तरुण शिपाई झोपलेला सापडला. लष्करी न्यायालयाने त्याला गोळ्या घालण्याची शिक्षा दिली. त्याची हकिगत सांगणारे बहुतेक सांगतात की आदल्या रात्री तो आजारी सोबत्याच्या जागी पहाऱ्यावर उभा राहिला होता, आणि दुसऱ्या रात्री त्याची स्वतःची पाळी लागली. शिक्षा रद्द झाली, ती राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या शब्दावरून. स्कॉट पुढच्या एप्रिलमध्ये लढाईत मारला गेला. अमेरिकेत त्याच्यावर कविता झाल्या, गोष्टी झाल्या. सगळ्यांचा सूर लिंकनच्या दयेचा. लागोपाठ दोन रात्री एकाच माणसाला पहाऱ्यावर राहू देणारी व्यवस्था त्यात कुठे दिसत नाही.

आपले वॉचमन अल्पशिक्षित, अप्रशिक्षित, म्हणून झोपतात असं कोणाला वाटत असेल, तर पेन्सिल्व्हेनियातल्या पीच बॉटम अणुवीज केंद्राचं उदाहरण घ्यावं. ३१ मार्च १९८७ रोजी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने हे केंद्र बंद करायचा आदेश दिला, कारण नियंत्रण कक्षातले कर्मचारी ड्युटीवर झोपत होते. वीस वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच केंद्राचे सुरक्षारक्षक झोपलेले आढळले. हल्ला झाला तर धावून जाण्यासाठी सज्ज असलेली ही शस्त्रधारी माणसं आपल्या सज्जतेच्या खोलीत बसून पेंगत होती. त्याआधी मार्च महिन्यात आयोगाकडे पत्र गेलं होतं. बारा तासांच्या पाळ्या आणि ओव्हरटाइम यांनी रक्षक थकलेत, झोपतात आणि बोलायला घाबरतात, असं त्यात होतं. तपासात काही सापडलं नाही. शेवटी त्यांच्यातल्याच एकाने लपवून केलेलं चित्रीकरण सप्टेंबरमध्ये टीव्हीवर दाखवलं गेलं, तेव्हा कंत्राटदार बदलला.

महत्त्वाचं पुढेच आहे. २००८ मध्ये आयोगाने थकव्यावरचे नियम विस्ताराने जारी केले आणि त्यांत सुरक्षारक्षकांनाही घेतलं. चोवीस तासांत सोळा तासांहून जास्त काम नाही, अठ्ठेचाळीस तासांत सव्वीसहून जास्त नाही, सात दिवसांत बहात्तरहून जास्त नाही, दोन पाळ्यांमध्ये किमान दहा तास सुट्टी. नियम उदार मुळीच नाहीत. पण थकवा हा मोजण्याचा आणि रोखण्याचा धोका आहे, हे त्यांत कबूल केलं आहे. आपल्याकडे खासगी सुरक्षा संस्थांचा केंद्रीय कायदा २००५ चा. त्याच्या २००६ च्या नमुना नियमांनुसार रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यायचं होतं. गणवेश, आग विझवणं, प्रथमोपचार, गर्दी आवरणं, ओळखपत्रं तपासणं असे विषय होते. झोपेचा तास त्यांत नव्हता. महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याने उभी राहिलेली सुरक्षा रक्षक मंडळं आहेत, आणि मंडळाच्या रक्षकाची पाळी साधारणतः आठ तासांची असते. सोसायट्यांच्या गेटवर मात्र बहुतेक एजन्सीचे बारा तास. आठच्या तुलनेत बारा तासांच्या पाळीत अपघाताचा धोका सुमारे पाव पट जास्त, आणि सकाळच्या पाळीपेक्षा रात्रपाळीत सुमारे ३० टक्के जास्त, असं फोल्कर्ड आणि सहकाऱ्यांनी कारखान्यांतले अनेक अभ्यास एकत्र करून काढलं आहे. रात्रपाळीच्या दूरच्या परिणामांवर वेगळा लेख लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, तिला ‘बहुधा कर्ककारक’ गटात ठेवलं, एवढं इथे पुरे.

झोपणाऱ्याला पकडायची हौस मात्र झोपेच्या विज्ञानापेक्षा जुनी. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या डर्बीचे जॉन व्हाइटहर्स्ट चुगलखोर घड्याळं बनवत, पहारेकऱ्याने वेळेवर फेरी मारली नाही तर त्यांत कळे. १८५५ मध्ये जर्मनीत योहानेस ब्युर्क यांनी पहारेकऱ्याने बरोबर बाळगायचं घड्याळ बनवून विकायला सुरुवात केली. त्याचीच आजची रूपं म्हणजे भिंतीवरचा क्यूआर कोड आणि दर तासाला पाठवायचा सेल्फी. फेरीमुळे माणूस उठतो, चालतो, हे चांगलंच. पण दोन फेऱ्यांच्या मधली पंचावन्न मिनिटं तशीच राहतात, आणि साठलेला दाब एका मिनिटानेही उतरत नाही.

तो उतरतो फक्त झोपेने. नासाने प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या विमानांत वैमानिकांना पाळीपाळीने चाळीस मिनिटं खुर्चीतच झोपायची मुभा दिली. त्यांनी सरासरी सव्वीस मिनिटं झोप घेतली. १९९४ च्या अहवालानुसार उड्डाणाच्या अखेरच्या भागात त्यांचं लक्ष न झोपलेल्या गटापेक्षा स्पष्टपणे चांगलं होतं. पहाऱ्याला हे बसवताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. डुलकी साडेतीनची वाट न बघता दीड-दोनच्या सुमाराला, दाब फार चढण्याआधी. अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे गाढ झोपेतून उठावं लागत नाही. उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं डोकं जड राहतं, तेवढा वेळ गेट दुसऱ्याकडे. चहा डुलकीच्या आधी घेतला तर उठायच्या वेळी कॅफिन चढलेलं असतं, हे इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी चालकांवर तपासून पाहिलंय. पहाटे चारनंतर चहा नको, तो सकाळची झोप खातो. चालत्या फेऱ्या आणि बोलण्याचं काम तीन ते पाचमध्ये, पडद्यासमोर बसणं अर्ध्या-अर्ध्या तासाने आलटून पालटून. केबिनमध्ये भरपूर पांढरा उजेड, आणि घरी जाताना काळा चष्मा.

या सगळ्याला रात्री दोन माणसं लागतात. इथे सोसायटीची सभा थबकते, कारण माणूस वाढला की मेंटेनन्स वाढतो. अडचण खरी आहे. आठ तासांवर आणायचं म्हटलं तर वॉचमनही काचकूच करतो, कारण बाराच्या पगारातच त्याचं घर कसंबसं चालतं. तास कमी करून पगार तोच ठेवला, तरच हे गणित जुळतं.

जपानमध्ये इमारतींची देखरेख करणाऱ्यांच्या चोवीस तासांच्या पाळीत झोपेचे तास आधीच लिहिलेले असतात. झोपावं की नाही यावर तिथे वाद नव्हता. त्या तासांचे पैसे मिळावेत की नाही, यावर कर्मचारी न्यायालयात गेले. २८ फेब्रुवारी २००२ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की झोपेच्या खोलीतच थांबायचं आणि गजर वाजला की उठून कामाला लागायचं, असं बंधन असेल, तर तो सगळा वेळ कामाचाच वेळ आहे. आपल्या सोसायट्यांचा एजन्सीशी होणारा करार दरवर्षी नव्याने लिहिला जातो. त्यात गणवेश, शिट्टी, टॉर्च यांच्याखाली चार ओळींची जागा असते. डबल ड्युटी नाही, दोन पाळ्यांमध्ये किमान दहा तास, रात्री गेटवर दोघं, आणि प्रत्येकाला पगारी अर्धा तास झोप.